तळघर नवं करण्याआधी एक पावसाळा त्याचं पाणी मोजा



आज पिकाचं नाही, घराखालचं बोलायचंय. हरभरा-गहू घरात आला, हातात चार पैसे आले, ऊन तापायला लागलं की गावोगाव बांधकामं निघतात. त्यात जुन्या दगडी घराचं, वाड्याचं तळघर साफ करून 'वापरात आणायचं' काम आता बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. कुणाला धान्य आणि बियाणं ठेवायचंय, कुणाला दुपारी टेकायला थंड खोली पाहिजे, कुणाच्या पोराला तिथं धिंगरी अळिंबी लावायचीय. कल्पना चांगली आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी पेव आणि बळद उगाच केली नव्हती.

पण काम सुरू कसं होतं ते बघा. मिस्त्री येतो, टेप लावतो, फरशीचा आणि गिलाव्याचा हिशोब सांगतो. पोरगा मोबाईलवर फोटो दाखवतो, असं करायचं म्हणून. दोन महिन्यांत काम उरकतं, अक्षय्य तृतीयेला नारळ फुटतो. आणि ऑगस्टमध्ये फरशीच्या सांध्यातून पाणी वर येतं.

माझं मत सरळ आहे. ज्या तळघराखालचं पाणी एक अख्खा पावसाळा मोजलेलं नाही, त्याच्या फरशीवर आणि गिलाव्यावर एक रुपयासुद्धा घालू नये. आपण डाळिंबाची, द्राक्षाची बाग लावताना माती-पाणी तपासतो, खड्डा खणून खालचा थर बघतो. त्याच शेतकऱ्यानं जमिनीत आठ फूट खाली असलेल्या खोलीवर काहीही न तपासता लाखभर घालवावेत, हे मला पटत नाही. तळघर म्हणजे तीन बाजूंनी माती लागलेली खोली. तिथं माती, पाणी आणि हवा यांचं गणित शेतातल्यासारखंच चालतं, आणि ते गणित आपल्याला मिस्त्रीपेक्षा जास्त कळतं.

१) आधी विहिरीकडे जा

घराजवळ विहीर असेल तर अर्धं उत्तर तिथंच आहे. मिस्त्री ज्या पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतो, तीच नळी लावून तळघराच्या फरशीची पातळी विहिरीच्या कठड्यापर्यंत आणा. तिथून मोजून विहिरीच्या आत त्या उंचीवर रंगाची रेघ मारा. आता जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला बघायचं, पाणी रेघेच्या किती खाली आहे. सप्टेंबरच्या शेवटी पाणी रेघेच्या पाच-सहा फूट खाली राहिलं तर तुमचं नशीब चांगलं. रेघेला टेकलं किंवा वर गेलं, तर त्या तळघरात कुठलंही केमिकल लावा, पाण्याशी कायमची लढाई आहे.

एवढ्यावर थांबू नका. आपल्या दख्खनच्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या किंवा काळा पाषाण. पावसाचं पाणी घट्ट थरावर अडून साचतं आणि विहिरीत पाणी खाली असतानाही घराच्या पायाशी ओल उभी राहते. त्यासाठी अंगणात, भिंतीपासून चार-पाच फुटांवर, तळघराच्या फरशीपेक्षा तीन फूट खोल जाईल असा छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाईप उभा पुरा. बाजूनं बारीक खडी भरा, वरून पावसाचं पाणी आत जाणार नाही अशी टोपी घाला. आठवड्यातून एकदा काठी बुडवून पाणी मोजा. क्षारपड जमिनीत निचऱ्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना हा पाईप ओळखीचा असेल.

वही ठेवा. तारीख, पाऊस किती मिलिमीटर, विहिरीची पातळी, पाईपातली पातळी. पाऊस पडल्यावर किती दिवसांनी पाणी चढलं आणि किती दिवसांत उतरलं, हे त्या वहीतून कळतं. एका दिवसात चढून दोन दिवसांत उतरलं तर ते बहुतेक छपराचं आणि अंगणाचं पाणी. हळूहळू चढून दिवाळीपर्यंत टिकलं तर ती भूजलाची पातळी. दोन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा.

२) बाहेरचं पाणी बाहेरच वळवा

हे काम मात्र थांबायचं नाही, याच उन्हाळ्यात करा. हजार चौरस फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर ते सगळं पागोळ्यांतून थेट पायाशी पडतं. म्हणजे एका रात्रीत जवळजवळ एक टँकर आपणच भिंतीच्या मुळाशी ओततो आणि मग तळघराला ओल का येते म्हणून विचारतो.

छपराला पन्हळ लावा, पाणी पाईपनं दूर न्या. अंगणाचा उतार घराकडे नको, घरापासून लांब पाहिजे, दहा फुटांत निदान सहा इंच. न्हाणीचं पाणी, मोरीचं पाणी, संडासाचा शोषखड्डा भिंतीला खेटून असेल तर तो आधी हलवा. आणि भिंतीच्या कडेला केळी, अळू लावून रोज पाणी सोडायची सवय असेल तर ती केळी परसात दुसरीकडे न्या. बऱ्याच घरांत एवढ्यावर निम्मी ओल कमी होते. यात पैसे थोडे लागतात, पण फोटोत काही दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही.

भिंतीला लागून काळी माती असेल तर तिचाही विचार करा. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती तळघराच्या भिंतीला दरवर्षी ढकलते आणि सोडते. शेतात तेच तिचं मोठेपण, घराच्या पाठीशी मात्र ती त्रासदायक. भिंतीच्या मागं भराव करायची वेळ आलीच तर मुरूम आणि खडी भरा, काढलेली काळी माती परत ढकलू नका.

३) फरशीवर पाण्याचा जोर

"वॉटरप्रूफिंग करून घेतो की" असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. फरशीखाली एक फूट उंचीचं पाणी साचलं, तर ते दर चौरस फुटाला साधारण २८ किलोच्या जोरानं फरशी वर ढकलतं. चार इंची काँक्रीटच्या कोब्याचं वजन दर चौरस फुटाला साधारण २२-२३ किलो. म्हणजे एक फूट पाण्यासमोर चार इंची कोबा हलका पडतो. दहा बाय बाराच्या खोलीत हा जोर तीन टनांच्या वर जातो. एवढ्या जोरापुढं आतून लावलेला लेप पोपडा होऊन सुटतो. लेप वाईट असतो असं नाही, पाण्याला जायला वाट ठेवलेली नसते.

म्हणून पाणी येतंय असं वहीनं सांगितलं, तर आधी निचरा. फरशीखाली खडीचा थर, कडेनं सच्छिद्र पाईप, सगळ्या पाईपांचा उतार एका कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे आणि त्या खड्ड्यातून पाणी बाहेर. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड रानात जे करतात तेच, छोट्या मापात. घर उतारावर असेल तर पाणी आपसूक बाहेर काढता येतं का ते आधी बघा. पंपाच्या भरवशावरचं तळघर म्हणजे वीज गेली की तळं, आणि पावसाळ्यात वीज कधी जाते ते तुम्हाला सांगायला नको.

४) हवा: सगळ्यात जास्त गैरसमज इथं

पावसाळ्यात तळघर कुबट झालं की आपण खिडक्या उघडतो, पंखा लावतो. ऑगस्टमधली बाहेरची हवा २७ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल तर ती २५ अंशांच्या आसपास थंड झाल्याबरोबर दव सोडते. तळघराची भिंत त्याहून थंड असेल तर खिडकी उघडून आपण ओल आत बोलावतो. भर पावसाळ्यात खिडक्या मिटलेल्या बऱ्या. हवा खेळती ठेवायची ती कोरड्या दिवसांत, दिवाळी ते मे. पण खोलीत माणसं बसणार असतील तर नुसतं बंद ठेवून चालणार नाही, हवा यायला-जायला दोन समोरासमोरचे मार्ग आणि पावसाळ्यात ओल शोषणारं यंत्र, दोन्ही धरूनच खर्च मांडा.

भिंतीची ओल हवेतली की मातीतली, हे ओळखायला सोपी परीक्षा आहे. भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल हवेतली. प्लास्टिकच्या मागं, भिंतीच्या बाजूला थेंब दिसले तर ओल मातीतून येतेय. ही परीक्षा उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करा.

५) जुन्या भिंतीला सिमेंट फासू नका

जुनी तळघरं दगड आणि चुन्यात, नाहीतर दगड आणि मातीत बांधलेली. या भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच अडकते, वर चढत जाते आणि तळघराच्या वरच्या माजघरात कमरेएवढ्या उंचीवर लोणा लागतो. मग माणूस म्हणतो तळघर सुधारलं, पण वरची भिंत बिघडली. बिघाड एकच असतो, त्याची फक्त जागा बदललेली असते. जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागतो आणि मजुरी जास्त पडते, हे खरं. पण तीन वर्षांनी सिमेंट खरवडून काढायच्या मजुरीपेक्षा ती कमीच.

आणि दुसरी गोष्ट. तळघरात डोकं लागतं म्हणून दोन फूट खाली खोदायची टूम निघते. असं करू नका. जुन्या भिंतीचा पाया बऱ्याचदा फरशीच्या थोडाच खाली संपतो. त्याच्या खाली खोदलं म्हणजे अख्ख्या घराच्या पायाखालची माती काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. अशा भिंतींत आतला आणि बाहेरचा थर बांधून धरणारे आरपार दगड नसले तर त्या आधीच कमजोर असतात. त्यांचा पाया आपण स्वतः मोकळा करायचा का? एका ठिकाणी दीड फुटाचा खड्डा घेऊन, भिंतीला धक्का न लावता, पाया कुठं संपतो ते इंजिनिअरला दाखवा. खोली वाढवणं शक्य असेल तर ते तुकड्या-तुकड्यानं, त्याच्या देखरेखीखालीच होईल. त्याची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

यात एक घरगुती भानगडही असते. वाड्याच्या वाटण्या झालेल्या असतात, तळघर एका भावाच्या वाट्याला आणि वरची खोली दुसऱ्याच्या. शेजारच्या घराची भिंतही सामायिक असते. खोदायच्या आधी भावाला आणि शेजाऱ्याला बसवून बोला, लिहून घ्या. भिंतीला तडा गेल्यावर बसायची वेळ आली तर ती बैठक तहसीलपर्यंत जाते.

६) खाली काय ठेवायचं, काय नाही

इथं जरा कडक बोलतो, कारण हा जिवाचा विषय आहे.

राहत्या घराखालच्या तळघरात धान्याला सल्फासची गोळी ठेवायची नाही. अजिबात नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची ही गोळी हवेतल्या ओलीशी मिळून फॉस्फीन वायू सोडते. ओल्या तळघरात तो आणखी लवकर सुटतो. हवेपेक्षा थोडा जड, म्हणून खाली साचतो, आणि लाकडी पाटणीच्या फटींतून, जिन्यातून वरच्या खोलीतही जातो. वर पोरंबाळं झोपलेली असतात. उलट्या, छातीत दडपण, घाबरं होणं. घरच्यांना वाटतं खाण्यातून काही झालं. या विषावर उतारा नाही. वास येईल तेव्हा कळेल, या भरवशावर राहू नका. ही गोळी घरगुती वापरासाठी नाहीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, बंदिस्त गोदामात वापरायची वस्तू आहे. तळघरात धान्य ठेवायचंच असेल तर उन्हात नीट वाळवलेलं, १२ टक्क्यांच्या आत ओलावा असलेलं धान्य हवाबंद पिशव्यांत ठेवा. हवा संपली की किडे आतच मरतात. पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून.

धिंगरी आणि धान्य एका तळघरात नको. धिंगरीला ८०-८५ टक्के आर्द्रता लागते, धान्याला ६५ च्या आत. एकाचं भलं झालं की दुसऱ्याचं नुकसान ठरलेलं. आणि अळिंबीसाठी वर्षभर ओलं ठेवलेलं तळघर वरच्या तुळयांनाही ओल पुरवतं. कांदा तर खाली नेऊच नका, तो चाळीतच बरा. कीटकनाशकं, पेट्रोल, डिझेल यांना तळघरात जागा नाही. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्याही वर, खेळत्या हवेत ठेवा. पाणी उपसायला डिझेल इंजिन कधीही तळघरात उतरवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता माणूस मारतो. विजेचा पंप असेल तर स्टार्टर आणि बटणं वरच्या मजल्यावर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेला.

पेवाची रीत ज्यांना ठाऊक आहे ते हे लगेच ओळखतील. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नसे, आधी वायू जाऊ देत. कोंडलेल्या जागेत माल श्वास घेतो, प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साईड तळाशी बसतो. कंदील सोडून बघायची जुनी रीत होती. पण कंदील जळतोय म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका, विषारी वायू कंदिलाला कळत नाही. वर्षानुवर्षं बंद असलेलं तळघर उघडायचं तर दोन दिवस दारं-झरोके उघडे ठेवा, वरून पंख्यानं हवा सोडा आणि एकट्यानं उतरू नका. कुणी आत बेशुद्ध पडलं तर त्याच्या मागं धावत उतरू नका. एकामागं एक माणसं अशीच जातात.

त्याच हरिपूरचा दुसरा धडा पाण्याचा. पिढ्यानपिढ्या कोरड्या राहिलेल्या पेवांत २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं आणि हळद खराब झाली. आजोबांच्या काळात पाणी आलं नव्हतं, हा पुरावा आता पुरेसा नाही. नदीकाठच्या गावात पूररेषा बघूनच तळघराचा विचार करावा.

"एवढा वेळ कुठंय?"

हा प्रश्न येणारच. कामाला माणूस उन्हाळ्यातच मिळतो, सिमेंटचा भाव वाढत जातो, घरात लग्न ठरलेलं असतं. मान्य. लग्नाच्या गडबडीत खोली हवी असेल तर वर पत्र्याची करा, ती नंतर काढता येते. तळघरात चुकलेलं काम काढायला परत तेवढाच खर्च येतो. ज्याला खरंच थांबणं शक्य नाही, त्यानं निदान फरशी आणि गिलावा सोडून बाकीचं करावं. या उन्हाळ्यात छपराचं आणि अंगणाचं पाणी वळवा, विहिरीत रेघ मारा, पाईप पुरा, इंजिनिअरला पाया दाखवा, भावाशी बोलून घ्या. जून ते ऑक्टोबर वही भरा. दिवाळीनंतर वही समोर ठेवून ठरवा: निचरा लागतो का, किती लागतो, आणि खाली नेमकं काय ठेवायचं. डिसेंबरपासून काम. फरशी सगळ्यात शेवटी.

कदाचित वही सांगेल की हे तळघर कोरडं होणारच नाही. मग ते मुरूम भरून बुजवणं किंवा रिकामं, हवेशीर आणि कुलूपबंद ठेवणं हाही निर्णयच आहे. बुजवायचं तरी इंजिनिअरला विचारून. असं पाणी मोजून तळघराचा नाद सोडणाऱ्याचे पैसे वाचतात, आणि त्या पैशांत अंगणात एक चांगलं कोरडं कोठार उभं राहतं.

तुमच्याकडे जुनं तळघर, बळद, पेव असेल तर खाली लिहा: गाव, माती कुठली, आणि सप्टेंबरात विहिरीचं पाणी जमिनीपासून किती फुटांवर असतं. चुन्याचं काम करणारे गवंडी तुमच्या तालुक्यात अजून आहेत का, तेही सांगा. निचऱ्याच्या कामातले जाणकार आणि कृषी अधिकारी इथं वाचतात, त्यांनी पाईपाची खोली आणि खडीच्या जाडीबद्दल आपला अनुभव घालावा. पावसाळ्यात माझ्या पाईपातल्या पातळ्या दर रविवारी इथं टाकत जाईन, तुम्हीही टाका.